झाले का कपडे?

बाण्याला घरात सगळे बाण्या म्हणत, कारण दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसल्या की मध्ये बाण काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पायपुसणं आणि सर्दी, मध्ये बाण. मीठ आणि भांडण, मध्ये बाण. वर्तमानपत्राच्या कडेला बाण, विजेच्या बिलाच्या पाठीवर बाण. एकदा तर घरी आलेल्या पाहुण्यांच्या धुळकट गाडीवर त्याने बोलता-बोलता बोटाने खाली जाणारा बाण काढला, आणि पाहुणे बिचारे संध्याकाळभर गाडीखाली डोकं घालून काय गळतंय ते शोधत बसले.

हा त्याचा दोष नव्हता, धंदाच होता. एका संशोधन संस्थेत तो व्यवस्था-विचाराचा अभ्यास करायचा. म्हणजे जगातली कुठलीच गोष्ट एकटी नसते, पहिली दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, आणि फिरून-फिरून तो धक्का पहिलीच्याच पाठीत बसतो, असं मानणारं शास्त्र. शास्त्र चांगलं आहे हो, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती बाण्याबद्दल.

कारण बाण्याची पीएचडी काही केल्या संपत नव्हती. त्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. आता न्हावीसुद्धा कात्रीपेक्षा तोंडच जास्त चालवायचा आणि विचारायचा, "झाली का पीएचडी?" पहारेकरी विचारायचा, पोस्टमन विचारायचा. बाण्याची बायको दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत तोंडात कापसाचे बोळे कोंबून पडलेले पेशंटसुद्धा बाण्या दारातून डोकावला की "आई ओ, आली आ ईएचई?" असं विचारायचे, आणि गंमत म्हणजे बाण्याला ते बरोबर कळायचं. त्यातच संस्थेने कळवलं की या वर्षी तोंडी परीक्षा झाली नाही तर नाव काढून टाकण्यात येईल, ही शेवटची मुदतवाढ. आधीच्या पत्रांतही 'शेवटची' असंच होतं म्हणा, पण या वेळी त्या शब्दाखाली रेघ होती.

बाण्या घाबरला. आणि घाबरला की तो लहानपणापासून जिथे जायचा तिथेच गेला, आत्याच्या लाँड्रीत.

आईवडील दोघंही फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे बाण्याला वाढवलं ते आत्यानेच. शाळेतून आला की तो धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर झोपायचा, आणि वर आत्याचं तोंड आणि इस्त्री दोन्ही सुरू असायचं. आत्या म्हणजे बोलका झरा, असं कुणी म्हणेल, पण झऱ्याला निदान उन्हाळा तरी असतो. दुकानात एक लांब बाक होता. गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं, बाकावर टेकायचं, आणि आत्या इस्त्री उभी करून ठेवून त्याच्या सासूच्या गुडघ्यापासून भाच्याच्या नोकरीपर्यंत सगळं ऐकून घ्यायची, वर स्वतःचं दुप्पट ऐकवायची. तिचेही सिद्धांत होतेच. डावखुऱ्यांच्या शर्टाचं तिसरं बटण तुटतं. पिवळी चादर वापरणाऱ्या घरात माणसं उशिरा उठतात. घराण्यातच होतं ते, बाण्याने काही बाहेरून आणलं नव्हतं.

त्या दिवशी बाण्या बाकावर बसून सुस्कारे टाकत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुकानात माणसं येत होती.

"झाले का कपडे?" शिकवणीच्या मास्तरांनी विचारलं.

"झाले की! फक्त एक शर्ट राहिलाय बघा. बसा ना, होईलच. नाहीतर उद्या या," आत्या म्हणाली. मास्तर बसले. भरपूर बसले. शर्ट काही झाला नाही.

"झाले का कपडे?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

"तुमचं तर सगळं तयार आहे. एवढी एक चादर राहिलीय. बसा, सांगते काय झालं ते."

आणि बाण्या ताडकन उभा राहिला. अहाहा! हेच की! लोक विचारायला येतात, त्यांना उत्तर देण्यात आत्याचा वेळ जातो, वेळ गेला की कपडे राहतात, कपडे राहिले की लोक पुन्हा विचारायला येतात! त्याने कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर गोल काढला. 'विचारणं' मधून बाण 'उशीर' कडे, 'उशीर' मधून बाण 'विचारणं' कडे. विचारण्यामुळेच उशीर होतो! मग त्याला न्हावी आठवला, पोस्टमन आठवला, कापसाचे बोळे आठवले, आणि आपली पीएचडी का झाली नाही हेही त्याला तिथल्या तिथे उमगलं. इतकी वर्षं दोष आपला नव्हताच तर!

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात पाटी लावली. चांगली ठळक, लाल अक्षरांत: 'कपडे झाले का, हे कृपया विचारू नये. बसू नये. तयार कपडे फळीवर आपापल्या चिठ्ठीसह ठेवलेले असतील.' बाकही त्याने मागच्या खोलीत नेऊन उभा केला.

"अरे, पण—" आत्या म्हणाली.

"आत्या, तू नको बोलूस. तू फक्त इस्त्री कर."

"बरं बाबा," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून इतकं छोटं वाक्य बाण्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, पण त्याचं लक्ष फळीकडे होतं.

आणि काय सांगू तुम्हाला, रामबाण! आठवड्याच्या आत राहिलेले कपडे संपले. सगळ्यांचं सगळं वेळेवर. लोक यायचे, फळीवरून गठ्ठा उचलायचे, पाटीकडे बघून ओठ मिटायचे आणि जायचे. बाण्या रोज काढत असलेल्या आलेखातली उशिराची रेघ घसरत-घसरत जमिनीला टेकली. ते बघून तो दुकानात अक्षरशः नाचला, आणि नाचताना फवाऱ्याची बाटली पाडली. आत्या काही बोलली नाही. तिने फरशी पुसली आणि उशाच्या अभ्र्यांना इस्त्री करू लागली.

त्यावर बाण्याने प्रबंध लिहिला. नाव ठेवलं, 'सर्व मानवी व्यवस्थांमधील पृच्छा-विलंब चक्र: एक वैश्विक सिद्धांत.'

त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी ते नाव दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पुसला. बाई मुळात सज्जन. बाण्याला पदवी मिळून तो एकदाचा आपल्या खोलीतून बाहेर पडावा, याहून दुसरी इच्छा त्यांना उरली नव्हती. पण तरीही.

"सर्व मानवी व्यवस्था?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलीत किती?"

"एक. पण मनापासून पाहिली, मॅडम."

"अहो, शितावरून भाताची परीक्षा करतात हे मलाही मान्य आहे. पण शीत आणि भात निदान एका पातेल्यातले हवेत ना? तुम्ही लाँड्रीतलं शीत चेपून बघितलंत आणि गावातली सगळी पातेली चुलीवरून उतरवायला निघालात."

"वाट बघणारा माणूस इथून तिथून सारखाच, मॅडम."

"ते तुम्हाला वाटतं. वाटणं आणि माहीत असणं यांच्यामध्ये काय असतं, सांगा बघू?"

"बाण?" बाण्या म्हणाला.

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "दुसरं उदाहरण घेऊन या," त्या म्हणाल्या. "जमलं तर तिसरंही. त्याशिवाय मी सही करणार नाही."

दुसरं उदाहरण शोधायला बाण्या फार लांब गेला नाही. तशीच पाटी त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावली. या घरात कुणीही कुणाला काहीही विचारू नये.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पाटी वाचली, नवऱ्याकडे बघितलं, आणि खांदे उडवले. ती दिलेला शब्द पाळणारी बाई. त्या दिवसापासून तिने "जेवणार ना?" हे विचारलं नाही, तेव्हा बाण्या उपाशी झोपला. "किल्ली घेतलीस का?" हे विचारलं नाही, तेव्हा बाण्या दाराबाहेर जिन्यात बसला. "अरे, तो पायजमा उलटा आहे हे तुला माहितीये का?" हे तर तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं, आणि बाण्या तसाच मॅडमना भेटून आला. वहीत त्याने लिहिलं: 'घरातील विलंब लक्षणीय घटला. स्वयंपाक लवकर आटोपतो.' आटोपणारच. एकाचाच होत होता.

तिसऱ्या उदाहरणासाठी त्याने बायकोचा दवाखाना मागितला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती म्हणाली.

"बघ, तू विचारलंस."

"एक दिवस," ती दात-ओठ खात म्हणाली. "फक्त एक. आणि तोही दात साफ करायचा वार. दात काढायच्या दिवशी तू या गल्लीतसुद्धा दिसायचं नाहीस."

तर त्या दिवशी दवाखान्यात कुणी कुणाला काही विचारलं नाही. जो आला त्याला मदतनीस बाईंनी हाताला धरून खुर्चीत बसवलं. तिसरा आला तो पंखा दुरुस्त करणारा. खांद्यावर शिडी, हातात पक्कड. त्यालाही बसवलं. डॉक्टरीणबाई "आ करा" म्हणाल्या, त्याने आ केला. त्याला वाटलं, इथे पंख्याला हात लावण्याआधी ही पद्धत असेल, दवाखाना आहे, स्वच्छता पाळत असतील. दात लख्ख करून घेऊन, चूळ भरून, आभार मानून तो शिडीसकट निघून गेला. पंखा तसाच बंद. घामाघूम झालेल्या बायकोसमोर बाण्याने वहीत लिहिलं: 'प्रतीक्षेचा काळ शून्य. सिद्धांत तिसऱ्यांदा सिद्ध.'

"अरे, तो पंखा करायला आला होता!" बायको ओरडली.

"पण थांबावं लागलं का त्याला?"

यावर ती काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. पण तीन उदाहरणं झाली होती. मॅडमनी उसासा टाकून सही केली, आणि परीक्षेचा दिवस ठरला.

त्या दिवशी बाण्याला घाम फुटला होता. पदवी मिळाली तर मिळाली, नाहीतर संस्थेच्या दारावरचं त्याचं नाव स्क्रू-ड्रायव्हरने निघणार होतं. खोलीत एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, फळा, आणि मागे चार खुर्च्या. त्यांतल्या दोन खुर्च्यांवर बायको आणि आत्या. आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती, कॉलर अशी कडक की मान वळवायची पंचाईत. "आत्या, तिथे एक शब्दही बोलायचा नाही हं," असं बाण्याने तिला वाटेत तीनतीनदा बजावलं होतं. ती नुसती मान हलवत होती. अलीकडे ती मानच हलवायची.

बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत, उंच, आणि चेहऱ्यावरून काही कळू न देणारे गृहस्थ होते. बाण्याने आपलं भाषण संपवलं, फळ्यावर मोठा गोल काढला, दोन बाण काढले आणि घसा खाकरून उभा राहिला. "आता आपले प्रश्न, सर."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मी प्रबंध अक्षर न् अक्षर वाचला," ते म्हणाले. "आणि त्याचा मान राखून मी काहीही विचारणार नाही."

बाण्या हसला. मग थांबला. मॅडमकडे बघितलं.

"सर," मॅडम पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "नियम असा आहे की तोंडी परीक्षेत निदान एक प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे. नाहीतर परीक्षा झाली असं धरता येत नाही."

"मला कल्पना आहे," परीक्षक म्हणाले. "पण यांचा सिद्धांत सर्व मानवी व्यवस्थांना लागू आहे. ही खोली मानवी आहे. मी विचारलं तर यांना उशीर होईल, आणि उशीर यांना परवडणार नाही असं कळलं. वाचल्यापासून मी घरीही काही विचारलेलं नाही." त्यांनी टेबलाखालून दोन्ही पाय बाहेर काढले. एका पायात निळा मोजा, एका पायात तपकिरी. "घर अतिशय शांत झालं आहे. इतकं शांत, की मला बरं वाटेनासं झालंय."

माणूस भोळा आहे की बेरकी, बाण्याला काही अंदाज येईना. प्रश्न विचारला तर सिद्धांत मोडतो, न विचारला तर परीक्षा मोडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालत होता आणि मॅडम पेनाचं टोपण काढत होत्या आणि घालत होत्या. इतकी वर्षं ज्या प्रश्नांना बाण्या कंटाळला होता, त्यांतला एक, फक्त एक, कुणी आत्ता विचारला असता तर त्याने त्या माणसाचे पाय धरले असते.

"कुणी केली हो ही?"

सगळे वळले. आत्या उभी होती. बायकोने तिचा हात धरून ठेवला होता, पण तो केव्हाच सुटला होता.

"कोटाची इस्त्री हो, तुमच्या," आत्या परीक्षकांना म्हणाली. "कुणी केली? बाही बघा, चमक आलीय कोपरावर. ओलं फडकं न टाकता थेट फिरवलीय मेल्याने. चांगल्या कापडाची माती केली."

"आत्या!" बाण्या किंचाळला.

परीक्षकांनी कोपर वळवून बघितलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "मीच केली," ते म्हणाले. "घरी विचारता येत नव्हतं ना."

"अगंबाई! मग घेऊन यायचा की माझ्याकडे! बसला असतात जरा, बाकावर—" आणि इथे आत्या अडखळली. "बाक नाहीये म्हणा आता. मागे उभा केलाय याने." आणि मग बांध फुटला. पाटी लागल्यापासून जे-जे आत साठलं होतं ते सगळं बाहेर पडायला लागलं. मास्तरांच्या परगावी राहणाऱ्या मुलीचं लग्न झालं ते तिला पत्रिका बघून कळलं. बेकरीवाल्या बाई आजारी होत्या हे तर त्या बऱ्या झाल्यावर कळलं. लोक येतात, पाटी बघतात, चोरासारखे गठ्ठा उचलतात आणि जातात. दिवसभर ती आहे, इस्त्री आहे, आणि वाफेचा आवाज आहे. "काय करायचेत हो वेळेवर कपडे?"

"पण आत्या," बाण्या काकुळतीला येऊन म्हणाला, "कपडे वेळेवर होतात की नाही? लोकांशी बोलण्यात तुझा वेळ जायचा, म्हणून शर्ट राहायचा..."

"डोंबल!" आत्या म्हणाली. "बोलता-बोलता इस्त्री करता येत नाही मला? तुझ्या जन्माच्या आधीपासून करतेय. अरे, शर्ट राहत नव्हता. मी ठेवायची."

"ठेवायचीस?"

"प्रत्येक गठ्ठ्यातला एक. मुद्दाम. सगळं दिलं की माणूस चाललं. एक राहिलं की उद्या परत येतं, बसतं, 'झाले का कपडे?' म्हणून विचारतं, चार शब्द बोलतं. मास्तरांचा निळा शर्ट तर मी आठ-आठ दिवस दाबून ठेवायची. बायको गेल्यापासून त्यांना तरी घरी बोलायला कोण आहे? आणि त्यांना काय ठाऊक नव्हतं होय? घरी दुसरे शर्ट होते त्यांच्याकडे. तुझी पाटी लागली, बसणं बंद झालं, मग शर्ट कुणासाठी मागे ठेवू? दिले सगळे वेळेवर."

बाण्याने फळ्याकडे बघितलं. 'विचारणं' मधून 'उशीर' कडे जाणारा तो जाडजूड बाण त्याच्याकडे बघत होता. साफ उलटा. लोकांनी विचारावं म्हणून उशीर होत होता. ज्या रेघेच्या घसरण्यावर तो नाचला होता, ती आत्याच्या दुकानातली माणसं कमी होत जाण्याची रेघ होती. गठ्ठ्यावर झोपलेल्या पोराला ज्या आवाजात झोप लागायची, तो आवाज त्यानेच पाटी लावून बंद केला होता, आणि वर त्याचा आलेख काढला होता.

"आत्या," त्याने विचारलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"नाचत होतास ना तू," आत्या म्हणाली. "इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नाचताना बघितलं तुला. म्हटलं, होऊ दे याची पीएचडी, तोवर गप्प बसू. मला काय कळतं, कुठे बाण पडतो आणि कुठे नाही. आणि तू तरी कुठे विचारलंस रे? दुकानात आलास, बसलास, सगळं लिहून घेतलंस. मला एका शब्दाने विचारलंस का, की आत्या, शर्ट का राहतो?"

बाण्याने डस्टर उचललं, बाण पुसला, आणि उलटा काढला. मग गोलाच्या बाहेर, जिथे आजवर काहीच नव्हतं, तिथे एक छोटा माणूस काढला. टक्कल असलेला. त्या माणसापासून गोलापर्यंत त्याने एक बाण ओढला आणि बाणावर लिहिलं, 'पाटी.'

"झालं," तो परीक्षकांना म्हणाला. "सिद्धांत चुकला, सर. मला सर्व मानवी व्यवस्थांबद्दल काहीही माहीत नाही. एका लाँड्रीबद्दल थोडंसं माहीत आहे, तेही आत्ताच कळलं. माझं नाव काढून टाका."

"थांबा," परीक्षक म्हणाले. ते मॅडमकडे वळले. "मॅडम, नियमाप्रमाणे प्रश्न कुणी विचारला पाहिजे?"

मॅडमनी नियमावली उघडली, बोट फिरवलं आणि हळूहळू हसू लागल्या. "ते लिहिलेलं नाही. नुसतं 'विचारला गेला पाहिजे' एवढंच आहे."

"मग विचारला गेला. उमेदवारानेच विचारला, आणि उत्तरही मिळालं. चांगलं उत्तर मिळालं. मी तर इतकी वर्षं परीक्षा घेतो, मला इतकं चांगलं कधी मिळालं नाही." त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि नावावर पेन चालवलं. 'सर्व मानवी व्यवस्थांमधील' खोडलं. 'वैश्विक सिद्धांत' खोडलं. वर लिहिलं: 'एका लाँड्रीतील.' "दुरुस्त करून द्या. मग पदवी तुमची."

बाण्याचा आधी विश्वासच बसेना. मग डोळे भरून आले. आणि मग, जित्याची खोड, ते डोळे हळूहळू चमकायला लागले.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "जगात जिथे-जिथे उशीर होतो, तिथे-तिथे मुळात कुणीतरी मुद्दाम—"

"नाही!" परीक्षक, मॅडम आणि बायको एकदम ओरडले.

बाण्याने खडू खाली ठेवला.

पाटी त्याच दिवशी निघाली. बाक पुढे आला. पहिले दोन-तीन दिवस लोक दारात घुटमळले, मग एकदा मास्तर टेकले, आणि मग काय, पूर्वीसारखंच सुरू झालं. स्वयंपाकघराच्या दारावरची पाटीही गेली, आणि बायकोने साठवलेले सगळे प्रश्न एका संध्याकाळी ओळीने विचारून घेतले. त्यांतला पहिला पायजम्याचा होता.

प्रबंध दुरुस्त झाला, आणि पदवी मिळायच्या समारंभासाठी बाण्याने आपला पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. आदल्या दिवशी दुपारी तो घ्यायला गेला. दुकानात बाकावर परीक्षक बसले होते, मांडीवर कोट, हातात चहा, आणि आत्या त्यांना डावखुऱ्यांच्या तिसऱ्या बटणाबद्दल सांगत होती.

"झाला का शर्ट?" बाण्याने विचारलं.

आत्याने वर बघितलं. शर्ट तिच्या मागे हँगरला लटकत होता, कॉलरपासून कफांपर्यंत कडक, पांढराशुभ्र, सुरकुती औषधालाही नाही. बाण्याने तो बघितला. बाण्याने तो बघितला हे आत्यानेही बघितलं.

"एवढी एक बाही राहिलीय बघ," ती म्हणाली. "सकाळी लवकर ये."

"बरं," बाण्या म्हणाला, आणि परीक्षकांना जरा सरकायला सांगून बाकावर बसला.